तेलाचा कायदा हा आरक्षणाचाही कायदा असतो

पेट्रोल एक रुपयाने महागले की बातमी होते, चौकात चर्चा होते, एखादा मोर्चाही निघतो. पण तेल कंपनीचा मालक कोण हे ठरवणारा कायदाच रद्द झाला, तर त्याची चर्चा आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचत नाही. २०१६ साली असे घडले आहे. बर्मा शेल या परदेशी कंपनीचे राष्ट्रीयीकरण करणारा १९७६ चा कायदा संसदेने 'कालबाह्य' ठरवलेल्या जुन्या कायद्यांच्या लांबलचक यादीत टाकून रद्द केला. त्यानंतर साडेतीन वर्षांत, नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्याच कायद्यातून उभी राहिलेली भारत पेट्रोलियम विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने घेतला. त्यासाठी संसदेत मतदान घेण्याची गरज उरली नव्हती.

आंबवडे, भोर, वेल्हे या भागातील आपली अनेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, अनेक जण शिरवळ आणि खेड शिवापूरच्या कंपन्यांत ठेकेदाराकडे काम करतात. त्यांना हा विषय दूरचा वाटेल. पण आरक्षणाच्या जागा घटनेच्या अनुच्छेदात जशा वाढतात, तशा अशा एखाद्या आर्थिक कायद्याच्या ओळीत आटतातही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

तेल नेमके कोणाचे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीची ५३ वी नोंद तेलक्षेत्रे आणि खनिज तेलाचे नियमन केंद्राकडे देते. अनुच्छेद २९७ नुसार समुद्राखालील खनिज संपत्ती केंद्राच्या मालकीची आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, १९७४ साली 'बॉम्बे हाय'चे तेल सापडले. नाव मुंबईचे असले तरी त्या तेलाचे स्वामित्वधन महाराष्ट्राला नाही, केंद्राला मिळते. आसाम किंवा गुजरातमध्ये जमिनीवर सापडणाऱ्या तेलाचे स्वामित्वधन मात्र त्या त्या राज्याला मिळते.

भोरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. भाटघरचे धरण भोर तालुक्यात, पण पाण्याचा मोठा लाभ नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला. साधन कुठे आहे यावर वाटा ठरत नाही, कायदा आणि राजकीय वजन यांवर ठरतो. तेलाचेही तसेच आहे.

घटनेचा अनुच्छेद ३९ (ब) सांगतो की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हितासाठी विभागले जाईल, असे धोरण राज्याने ठेवावे. तेल कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणामागे हाच विचार होता.

परदेशी कंपनीकडून सरकारकडे

स्वातंत्र्यानंतरही भारतातील तेलाचा व्यापार मुख्यतः बर्मा शेल, एस्सो आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या हातात होता. तुर्भे-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५० च्या दशकात एस्सो आणि बर्मा शेलनेच उभे केले. १९७३ च्या जागतिक तेलसंकटानंतर चित्र बदलले. १९७४ मध्ये एस्सो, १९७६ मध्ये बर्मा शेल आणि १९७७ मध्ये कॅलटेक्स संसदेच्या स्वतंत्र कायद्यांनी सरकारने ताब्यात घेतल्या. त्यातून आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्या तयार झाल्या.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे त्यापुढचे आहे. सरकारी मालकीची कंपनी अनुच्छेद १२ नुसार 'राज्य' ठरते. 'राज्य' ठरली की अनुच्छेद १६ लागू होतो आणि नोकरभरतीत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के, आणि मंडल आयोगानंतर इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण मिळते. पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सीच्या वाटपातही सरकारी तेल कंपन्या बहुतेक राज्यांत २२.५ टक्के जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी ठेवतात आणि भांडवल नसलेल्या उमेदवाराला अर्थसाहाय्याची योजना देतात. खाजगी तेल कंपन्यांवर असे कोणतेही बंधन नाही.

म्हणजे राष्ट्रीयीकरणाच्या त्या कायद्यात 'आरक्षण' हा शब्द नसला, तरी आरक्षण त्या कायद्याच्या खांद्यावर उभे होते. खांदा काढला की वरचे आपोआप खाली येते.

बाबासाहेबांनी ओळखलेला धोका

१९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे घटना परिषदेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. मूलभूत आणि कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, ही त्यातील मागणी आपल्याला माहीत असते. पण त्यांचा दुसरा आग्रह आपण विसरतो. ही आर्थिक रचना साध्या कायद्यात नको, घटनेतच असावी, असे ते मांडत होते. साधा कायदा आजचे बहुमत करते आणि उद्याचे बहुमत मोडते, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

ती मागणी घटनेत त्या रूपात आली नाही. आली ती मार्गदर्शक तत्त्वे, ज्यांची अंमलबजावणी न्यायालयात जाऊन मागता येत नाही. त्यामुळे सार्वजनिक क्षेत्राचे रक्षण साध्या कायद्यांवर सोपवले गेले. पुढची कहाणी हा त्याचाच परिणाम आहे.

२००३ : न्यायालयाने संसदेकडे बोट दाखवले

१९९१ नंतर खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण म्हणजे 'खाउजा' आले. २००१ मध्ये सरकारने बाल्को ही ॲल्युमिनियम कंपनी विकली. कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. निर्गुंतवणूक हा धोरणाचा विषय आहे, असे म्हणून न्यायालयाने विक्री कायम ठेवली. अनुच्छेद १४ आणि १६ चे संरक्षण जाईल, हा कामगारांचा मुद्दा विक्री थांबवायला पुरेसा ठरला नाही.

मग पाळी आली हिंदुस्थान आणि भारत पेट्रोलियमची. वाजपेयी सरकारात यावरून उघड मतभेद होते. निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी विक्रीच्या बाजूने, तर पेट्रोलियम मंत्री राम नाईक विरोधात होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १६ सप्टेंबर २००३ ला निकाल आला. या कंपन्या संसदेच्या कायद्याने सरकारी झाल्या आहेत, तेव्हा कायद्यात बदल केल्याशिवाय सरकारला त्या खाजगी हातात देता येणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. बाल्कोमागे असा राष्ट्रीयीकरणाचा कायदा नव्हता, म्हणून तिचा निकाल वेगळा लागला.

एक जुना कायदा कागदावर होता, एवढ्यावर विक्री थांबली. तिथेच सरकारी यंत्रणेला अडथळा कुठे आहे तेही कळले.

२०१६ ते २०२२ : दार उघडले, गिऱ्हाईक मिळाले नाही

२०१६ मध्ये तो अडथळा दूर झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत पेट्रोलियममधील सरकारचा संपूर्ण ५३.२९ टक्के हिस्सा विकायचे ठरले. खरेदीत रस दाखवणाऱ्यांपैकी काही जण मागे हटले आणि शेवटी एकच उरल्यावर मे २०२२ मध्ये सरकारने प्रक्रिया गुंडाळली. कंपनी आज सरकारी आहे. पण ती वाचली बाजारामुळे, कायद्यामुळे नाही. २००३ मध्ये असलेली ढाल २०१९ मध्ये नव्हती.

इथे एक फरक लक्षात ठेवा. जानेवारी २०१८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीने ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. त्यालाही निर्गुंतवणूकच म्हटले गेले. पण ओएनजीसी स्वतः सरकारी असल्याने आरक्षण राहिले. एअर इंडिया मात्र जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, आणि आता ती 'राज्य' नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणून 'निर्गुंतवणूक' हा शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारायचा : हिस्सा कोणाकडे जातो आहे?

आसामचा वाटा वाचला, तो का?

भारत पेट्रोलियमच्या मालकीची नुमालीगड रिफायनरी ही १९८५ च्या आसाम करारातून आलेली. लोकांनी आंदोलन करून मिळवलेली रिफायनरी खाजगी हातात देणे आसामात कोणत्याही पक्षाला परवडणारे नव्हते. म्हणून विक्रीच्या निर्णयातच नुमालीगड बाजूला काढली गेली, आणि मार्च २०२१ मध्ये ती ऑइल इंडिया, इंजिनिअर्स इंडिया आणि आसाम सरकार यांच्याकडे गेली.

आसामी जनतेचे हित विक्रीच्या निर्णयात लिहिले गेले, कारण ते मांडणारी संघटित ताकद होती. आरक्षणाच्या हजारो जागांचे काय, हा प्रश्न तितक्याच ताकदीने त्या टेबलावर आला नाही. यातून घ्यायचा धडा आसामच्या हेव्याचा नाही, संघटनेचा आहे.

इराककडे पाहिले तर

तेलाच्या कायद्याचे राजकारण सगळ्यात उघडे दिसते ते इराकमध्ये. २००५ च्या इराकी घटनेचा अनुच्छेद १११ म्हणतो की तेल आणि वायू सर्व इराकी जनतेच्या मालकीचे आहेत. पण शिया, सुन्नी आणि कुर्द असे विभागलेले ते राष्ट्र हे वाक्य अमलात आणणारा कायदा करू शकले नाही. २००७ मध्ये मंत्रिमंडळाने तेल कायद्याचा मसुदा मंजूर केला, तो संसदेत दीड दशक उलटूनही रखडला. कुर्दिस्तानने त्याच वर्षी स्वतःचा तेल कायदा केला. इराकच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेब्रुवारी २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. परदेशी कंपन्यांना दीर्घ मुदतीचे करार देणाऱ्या मसुद्याला बसऱ्याच्या तेल कामगार संघटनांनी विरोध केला होता.

इराकची फूट प्रदेश आणि पंथांची आहे, नकाशावर रेघ ओढून दाखवता येते. आपल्या देशाची फूट जातीची आहे, ती प्रत्येक गावात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीबद्दल इशारा दिला होता, तो याच फुटीचा. इराकमध्ये प्रत्येक गटाला कळते की तेलाच्या कायद्यात आपला वाटा ठरतो आहे. आपल्याकडे तेच 'आर्थिक सुधारणा' या नावाने होते, म्हणून आपल्याला तो आपला विषय वाटत नाही.

सरकारी म्हणजे सगळे चांगले, असे नाही

विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. माहुलच्या हवेच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरपाई भरायला सांगितली, त्यांत हिंदुस्थान आणि भारत पेट्रोलियम या दोन्ही सरकारी कंपन्या होत्या. त्या धुरात राहणारा माणूस गरीबच असतो. सरकारी कंपन्यांतही कायम जागांऐवजी ठेकेदाराची माणसे वाढतात आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर आरक्षण नसते. राखीव पंपाच्या कागदावर नाव आपल्या मुलाचे आणि गल्ल्यावर बसणारा भलताच, हेही कार्यकर्त्यांना नवे नाही.

पण या प्रत्येक तक्रारीला दाद मागण्याची जागा आहे. सरकारी कंपनीला माहिती अधिकारात प्रश्न विचारता येतो, अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येते, बिंदुनामावली मागता येते, संसदेत प्रश्न लावता येतो. मालकी खाजगी झाली की यातली बहुतेक दारे बंद होतात. सार्वजनिक क्षेत्र निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर त्याला जाब विचारता येतो म्हणून ते राखायचे.

आता काय करायचे?

कायदे बदलणे थांबलेले नाही. तेलक्षेत्रांविषयीच्या १९४८ च्या कायद्यातील दुरुस्ती मार्च २०२५ मध्ये लोकसभेत मंजूर झाली. तिने 'पेट्रोलियम लीज' ही नवी तरतूद आणली आणि कैदेच्या शिक्षेऐवजी २५ लाखांपर्यंतचा दंड ठेवला. खाजगी गुंतवणूक वाढावी हा तिचा जाहीर हेतू आहे. त्यावर आपल्या संघटनांत किती चर्चा झाली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

तरुण कार्यकर्त्यांसाठी तीन कामे सुचवतो. पहिले, संसदेत येणाऱ्या आर्थिक विधेयकांवर, विशेषतः 'कायदे रद्द करणाऱ्या' विधेयकांवर लक्ष ठेवणारा छोटा गट प्रत्येक तालुक्यात असावा. विधेयके संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. दुसरे, आपल्या खासदाराला लेखी विचारावे : सरकारी कंपनी विकताना आरक्षणाचे काय करणार, आणि खाजगी क्षेत्रातील प्रतिनिधित्वाच्या कायद्यावर तुमची भूमिका काय? तिसरे, जिल्ह्यातील राखीव पंप आणि गॅस एजन्सी कोणाला मिळाल्या आणि प्रत्यक्षात कोण चालवते, याची माहिती अधिकारातून यादी करावी.

वर्षावासात आपण विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्याच बैठकीत आठवड्यातून एक तास 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' आणि एखादा चालू कायदा वाचायला घेतला, तर तीन महिन्यांत गावागावांत कायदा वाचू शकणारी दहा-बारा मुले तयार होतील. आरक्षणाच्या बचावासाठी रस्त्यावर उतरणारे आपल्याकडे आहेत. विधेयकाच्या अनुसूचीतली ओळ वेळेवर वाचणारे हवे आहेत.

जय भीम!