जुने संगणक आणि हलकी कार्यप्रणाली

वसतिगृहातील मुलांसाठी भेट मिळणारे संगणक बहुधा आठ-दहा वर्षे वापरलेले असतात. ते सुरू होण्यास वेळ लागला, की भंगाराची भाषा निघते. आम्हांस ही घाई मान्य नाही. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. त्यावरील कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, त्याला पेलत नाही.

२००१ च्या विंडोज एक्सपीसाठी १२८ एमबी रॅमची शिफारस होती. विंडोज ११ ला किमान ४ जीबी, म्हणजे बत्तीसपट रॅम लागते. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्थाही यंत्रात असावी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित साथ थांबली आणि चालती यंत्रे एका दिवसात ‘कालबाह्य’ ठरली. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस कुणी ठरवून दिलेल्या अशा कालबाह्यतेविषयी थोडा संशय वाटतोच!

हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा सर्वांसाठी खुला केला. त्यावर उभ्या राहिलेल्या लुबुंटू, अँटीएक्स, पपी या प्रणाली विनामूल्य आहेत. पडद्यावरील सजावट आणि पाठीमागे अखंड चालणाऱ्या सेवा त्या मोजक्याच ठेवतात. त्यामुळे बरीचशी रॅम प्रत्यक्ष कामासाठी मोकळी राहते. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये आणलेली पपी तर अवघ्या काही शे एमबींची. ती पेनड्राइव्हवरून निघून संपूर्णपणे रॅममध्ये जाऊन बसते, म्हणून हार्ड डिस्क निकामी झालेले यंत्रही तिच्यावर चालू शकते. लिब्रेऑफिसमध्ये निबंध लिहिता येतो, इन्स्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकलेखनाचा सराव होतो, प्रोग्रॅमिंगचे पहिले धडेही गिरविता येतात. घरी संगणक नसलेल्या मुलाला हे थोडके नव्हे.

मर्यादा आहे ती इंटरनेटची. प्रणाली हलकी झाली, तरी आजची संकेतस्थळे हलकी होत नाहीत. २ जीबी रॅमवर चार पाने एकदम उघडली की यंत्र अडखळते. आणखी एक अडचण, ३२-बिट यंत्रांची. लुबुंटूने त्यांची साथ १९.०४ या आवृत्तीपासून सोडली; इतर प्रणालीही हळूहळू सोडीत आहेत. तेव्हा संगणक देण्यापूर्वी प्रोसेसर ६४-बिट आहे ना, एवढे पाहावे. सोबत एखादी एसएसडी देता आली तर उत्तमच, कारण जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ती बसविताच यंत्राच्या वेगात लक्षणीय फरक पडतो. आणि आपली कागदपत्रे, छायाचित्रे, पासवर्ड डिस्कवरून पूर्णपणे पुसूनच यंत्र आमच्या स्वाधीन करावे, ही विनंती.