मधल्या जोडीचे पैलवान

होळी झाली की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तालमींत पंचांगाला भाव येतो. कोणत्या गावची यात्रा कोणत्या तिथीला, हे वस्तादाला तोंडपाठच असतं. तरी पोरं मोबाइलमध्ये यादी करून ठेवतात. रामनवमी, हनुमान जयंती, कालाष्टमी, अक्षय्य तृतीया. अडचण अशी, की देव थोडे आणि गावं फार. चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे इतक्या गावांच्या यात्रा येतात, की एका दिवशी चार ठिकाणी कुस्त्यांचा हगामा असतो आणि पैलवानाला एकच गाव धरता येतं. कुठं इनाम मोठं, कुठं पंच बरे, कुठं गेल्या वर्षी पैशांवरून कुरकुर झाली होती, हे सगळं मनात तोलून सकाळी गाडीला किक मारायची.

मुलूखही या धंद्याला सोयीचा. शिरूर आणि दौंडच्या मधून भीमा वाहते. शिरूरच्या वरच्या अंगाला घोड नदी, पलीकडे पारनेर आणि श्रीगोंदा. न्हावऱ्याकडून चौफुल्याला जाणारा रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो. दौंड शहरातून पूल ओलांडला की श्रीगोंदा तालुका. दुचाकीवर दोघं बसून, पिशवीत लांग, जांघिया, टॉवेल आणि पाण्याची बाटली टाकून निघाले, की दोन जिल्हे तासाभराच्या टप्प्यात येतात.

असं फिरणारे पैलवान मी गेला उन्हाळाभर जवळून पाहिले. त्यांतल्या कुणाच्या नावावर महाराष्ट्र केसरीची गदा नाही, आणि ती मिळेल असं त्यांनाही आता वाटत नाही. मुळशीचा पृथ्वीराज मोहोळ किंवा राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा शिवराज राक्षे यांची नावं फ्लेक्सवर असली, की गर्दी त्यांच्यासाठी जमते. पण ती मानाची कुस्ती शेवटची असते. दुपारी उन्हं कलायला लागल्यापासून अंधार पडेपर्यंत मैदान धरून ठेवतात ते मधल्या जोडीचे पैलवान. वय पंचविशी ओलांडलेलं, वजन ऐंशीच्या घरात, कान मोडलेले, आणि पंचक्रोशीतल्या हलगीवाल्यांना तोंडओळखीचे.

फुटबॉलच्या जगात अशा खेळाडूंची मोठी जमात आहे. उरुग्वेचा सेबास्टियन अब्रेऊ हा फॉरवर्ड तीसहून अधिक क्लबांकडून खेळला. युरोपातही दरसाल शेकडो फॉरवर्ड दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये एका देशातून दुसऱ्या देशात जातात. हंगामभर गोल केले तर पुढचा करार, गुडघा गेला तर घरी. आपल्याकडच्या फिरत्या पैलवानाचं आयुष्य याच चालीचं आहे. फरक एवढाच, की त्याचा करार एका फोनवर होतो आणि सूर्य मावळेपर्यंतच टिकतो.

हगाम्याची जागा गावाबाहेरचं एखादं पडीक रान असते, नाहीतर ओढ्याकाठची सपाट जमीन. आदल्या दिवशी ट्रॅक्टर फिरवतात, ढेकळं फोडतात, पोरं खडे वेचतात, टँकरनं पाणी मारतात. ऐपतीचं गाव तांबड्या मातीच्या ट्रॉल्या ओततं. तालमीच्या हौद्यातली माती वेगळी. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरलेला असतो, पडलं तरी लागत नाही. यात्रेतली माती एका दिवसाची पाहुणी. वरचा थर भुसभुशीत, खाली जमीन कडक. जुना पैलवान मैदानात शिरताना वाकून मूठभर माती उचलतो, ते नुसतं नमस्कारापुरतं नसतं. बोटांनी तो माती किती खोल आहे ते चाचपतो.

रात्री छबिना आणि तमाशा होऊन गेलेला, सकाळी हजेरी आटोपलेली. जेवणं उरकून माणसं ट्रॉल्यांवर, बांधावर, बाभळीच्या सावलीत बसतात. हलगी कडाडते. आधी लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. रेवड्यांच्या जागी आता नोटा आल्या, नाव मात्र तेच राहिलं. अलीकडे मुलींच्याही जोड्या लागतात आणि त्यांना गर्दी जरा जास्तच दाद देते. मग पन्नास, शंभर, दोनशे असं इनाम चढत जातं.

पाचशेच्या पुढं गेलं की मधल्या जोडीची वेळ येते. कुस्तीपेक्षा मला जास्त बघावंसं वाटलं ते जोड लागणं. फेटा बांधलेला कमिटीवाला नोटा बोटांत धरून हात वर करतो आणि रिंगणात फिरतो. ज्याला ती कुस्ती हवी तो पैलवान शर्ट काढून आत येतो, हात वर करून एक चक्कर मारतो. समोरून कोणी उठलं की पंच दोघांना जवळ उभं करतात. वजनकाटा नसतो. खांद्याला खांदा लावून उंची बघतात, दंडाला हात लावतात, मांडीकडे नजर टाकतात. तेवढ्यात दोन्हीकडचे वस्ताद आत घुसतात. ‘जोड मोठी होतीय’, ‘पोरगं लहान हाय आमचं’, ‘बघून लावा की जरा’. आपलं पोरगं लहान आणि समोरचं थोराड, हे दोन्हीकडचे एकाच वेळी शपथेवर सांगत असतात.

या घासाघिशीतच फिरत्या पैलवानाची अर्धी कमाई ठरते. लवकर उठून हजाराची कुस्ती घेतली, तर नंतर येणारी तीन हजारांची हुकते, कारण एका हगाम्यात बहुतेक गावं एकदाच लढू देतात. फार वेळ दबा धरून बसलं, तर वरची जोड कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तालमीतला कोणी ताजा गडी घेऊन जातो. ज्याच्याबरोबर मी फिरलो तो पैलवान बसल्याबसल्या माणसं मोजायचा. कोण कुठल्या तालमीचा, कोणाचा कोणता गुडघा बांधलेला, कोण काल दुसऱ्या गावात लढून दमलेला. ‘ह्यो पट काढतो, पण खाली आल्यावर ह्याला काय सुचत नाही,’ असं तो पुटपुटायचा. सेंटर फॉरवर्ड बचावफळीतली फट शोधतो, ते काम हा बाभळीखाली बसून करत होता.

त्या दिवशी त्यानं तीन हजारांची कुस्ती धरली. समोर श्रीगोंद्याकडचा उंच पोरगा, वयानं पाच-सहा वर्षांनी लहान. दोघांनी एकमेकांच्या मानेला, पाठीला माती लावली. घामानं निसरडं झालेलं अंग पकडीत राहावं म्हणून ती लावतात. सलामी झाली. पहिली काही मिनिटं नुसती खडाखडी, मानेवर हात, कपाळाला कपाळ. गर्दी कंटाळली. ‘ए, लावा की कुस्ती!’ पोरगा चिडून आत घुसला आणि पट काढायला वाकला. आमच्या पैलवानानं कंबर मागं टाकली, वरून वजन दिलं आणि त्याला मातीवर दाबला. मग घाई नाही. लांगेला एक हात, मानेवर गुडघा. घुटना हा त्याचा डाव आहे आणि हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तरी तो लागतो, कारण वाकलेल्या माणसाचा दम कधी सुटतो हे त्याला श्वासावरून कळतं. पोरानं एकदा उसळी घेतली, दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा उशीर झाला आणि पाठ मातीला लागली.

मॅटवर हीच कुस्ती वेगळी झाली असती. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांचा हिशोब, दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती संपली. यात्रेत गुण नाहीत, पाठ लागली तरच निकाल. एक डाव घोटून पक्का केलेला, दम टिकवणारा, संधीची वाट बघणारा वयस्क गडी म्हणूनच इथं टिकतो. मॅटवर तो केव्हाच मागं पडला असता. महाराष्ट्र केसरी 1961 पासून आहे, आणि त्यात आता माती व गादी असे दोन विभाग खेळून दोन्ही विजेत्यांची शेवटची लढत होते. त्या स्पर्धेची तयारी करणाऱ्याला मॅटचा सराव लागतोच. यात्रेवर पोट असणाऱ्याला मॅट परवडतही नाही आणि उपयोगीही पडत नाही.

जिंकल्यावर फेरी. धुळीनं माखलेला पैलवान हात जोडून गर्दीसमोरून जातो, कोणी पन्नास देतो, कोणी शंभर. एखादा म्हातारा दहाची नोट देऊन दंड चाचपून बघतो. इनामापेक्षा फेरी मोठी झाली, असंही कधी घडतं. कुस्ती सुटली नाही, तर पंच ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम निम्मं-निम्मं. नुरा, म्हणजे आधी ठरवून खेळलेल्या कुस्तीला वाट मिळते ती इथंच. दोघं ओळखीचे असतात, आठवडाभर रोज कुठं ना कुठं भेटतात. उद्याही लढायचंय, मग आज हाडं कशाला मोडा? जाणकार प्रेक्षकाला ती पकड दिसते आणि तो शिव्या घालतो. मला त्यात लबाडी दिसली, तशी मजबुरीही दिसली. ज्याला जखमी झाल्यावर कोणी विचारत नाही, तो अंग राखणारच.

वरच्या कुस्त्या नेमलेल्या असतात. कमिटी आधी फोन करते, फ्लेक्सवर फोटो छापते, आकडा ठरवते. मधल्या जोडीला ते भाग्य क्वचित लाभतं. त्यांचा हिशोब पेट्रोल, दूध, बदाम, तूप, अंडी आणि हरलेल्या दिवसांचा. हरणाऱ्याला काही गावं गाडीभाडं देतात, काही देत नाहीत. हंगाम अक्षय्य तृतीयेनंतर उतरणीला लागतो, पावसाळ्यात नागपंचमीला थोडी जाग येते, आणि मग पोटासाठी दुसरं काही तरी बघावं लागतं. शिरूरकडचे रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागतात, दौंडकडचे कुरकुंभच्या. कोणी उसाच्या ट्रॅक्टरवर, कोणी दुधाच्या गाडीवर. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट 5 आणि गट 7 आहेत. त्या गेटसमोरून जाताना विशीतली पोरं हमखास भरतीचं बोलतात. पण भरतीत धावावं लागतं. मेहनत करून वाढवलेलं ऐंशी किलोचं अंग पाच किलोमीटरला दगा देतं, आणि वजन उतरवलं तर मातीत जोड लहान होते. दोन्ही डगरींवर हात ठेवता ठेवता वय निघून जातं.

गेल्या काही वर्षांत आणखी एक वाटेकरी आला आहे. बैलगाडा शर्यतींवर 2014 साली आलेली बंदी डिसेंबर 2021 मध्ये उठली, आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. शिरूर हा बैलगाड्यांच्या घाटांचा मुलूख. शर्यतींचा आनंद मलाही आहे. पण यात्रेची पट्टी तेवढीच, आणि घाटावर दुचाकी बक्षीस लावली की हगाम्याच्या वाट्याला कात्री लागते. ती मानाच्या कुस्तीला लागत नाही, कारण तिच्यासाठी पुढारी वेगळे पैसे देतात. कापलं जातं ते मधलं इनाम.

या सगळ्यात ज्याचं नाव हिशोबात कुठंच येत नाही, तो म्हणजे वस्ताद. फुटबॉलात 1995 च्या बोसमन निकालानं करार संपलेल्या खेळाडूला युरोपात मोकळं केलं; जुन्या क्लबला पैसे न देता तो दुसरीकडे जाऊ लागला. लहान क्लब पोरं घडवतात आणि मोठे क्लब नेतात, ही तक्रार तेव्हा वाढली. पुढं फिफानं नियम केला, की खेळाडूची खरेदी-विक्री झाली तर रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जावेत. आपल्या खेड्यातली तालीम रेवड्यांवरच्या पोराला दहा-बारा वर्षं घडवते. माती चाळायची, पहाटे उठवायचं, घरून दूध आलं नाही तर आपल्या घरचं द्यायचं. पोरगं नावारूपाला आलं की पुण्याला किंवा कोल्हापूरला जातं, आणि फ्लेक्सवर त्या मोठ्या तालमीचं नाव छापलं जातं. जुन्या वस्तादाला एक फेटा आणि नारळ मिळतो. तोही निवेदकाला आठवण राहिली तर.

रिंगणाजवळ डॉक्टर मी फार थोड्या ठिकाणी पाहिला. खांदा निखळला की गर्दीतला कोणी जाणता ओढून बसवतो, आणि गुडघा गेला की दोघं त्याला दुचाकीवर मधे बसवून नेतात. तमाशाची सुपारी, मंडप, स्पीकर यांचा खर्च कमिटीच्या वहीत वेगवेगळ्या रकान्यांत असतो. पैलवानाच्या औषधपाण्याचा रकाना नसतो.

फाल्गुनात कमिटीची माणसं पट्टी मागायला दारात येतील. पावती घेताना त्यांच्याकडून तीन गोष्टी वदवून घ्या. हगाम्याच्या दिवशी रिंगणाशेजारी डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी राहील. हजार ते पाच हजारांच्या कुस्त्यांना कात्री लागणार नाही. आणि प्रत्येक इनामातल्या शंभरामागं पाच रुपये, ज्या तालमीत तो पैलवान पहिल्यांदा मातीत उतरला, तिच्या वस्तादाच्या हातात तिथंच, माइकवर नाव पुकारून दिले जातील.