हाडांचा टँकर पाहिलात का?

शरीर आणि मशीन यांचं कॉकटेल म्हटलं की आर्टवाली मंडळी लगेच स्टेलार्कचं नाव घेतात. हा ऑस्ट्रेलियन आर्टिस्ट जाम डेंजर! १९८० च्या सुमारास त्याने उजव्या हाताला यांत्रिक 'तिसरा हात' जोडला. तो हलायचा पोटाच्या आणि पायांच्या स्नायूंमधल्या विजेच्या सिग्नलवर. पुढे सर्जरी करून त्याने डाव्या हातावर चक्क कान बसवून घेतला. भारीच आहे, पण पनवेलमध्ये बसून हे सगळं सायन्स फिक्शन वाटतं.

मला त्यापेक्षा आपल्या मुंबईचा, जेजेत शिकलेला जितिश कल्लाट जवळचा वाटतो. त्याचा फंडा उलटा. माणसाला मशीन न जोडता त्याने मशीनलाच हाडं दिली. २००७ चं 'ऑटोसॉरस ट्रायपस' म्हणजे आपली तीनचाकी रिक्षा, पण सगळी हाडांची. खरी हाडं नाहीत हं, रेझिन आणि स्टीलची करामत. नाव डायनासोरचं, दिसतेही म्युझियममधल्या सांगाड्यासारखी. रोज मीटरवरून हुज्जत घालतो ती रिक्षा एखाद्या नामशेष जनावरासारखी समोर उभी राहते, तेव्हा हसू येतं आणि जरा टरकतेही.

पण माझी फेवरेट 'अ‍ॅक्वासॉरस'. २००८ मध्ये कल्लाटने पाण्याचा अख्खा टँकर हाडांतून उभा केला, लांबी जवळपास सात मीटर. सिडनीतल्या प्रेक्षकांना त्यात काय दिसलं असेल कोण जाणे. आम्हा पनवेलकरांना टँकर समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो, पालिकेचं स्वतःचं देहरंग धरण आहे, तरी मे उजाडला की सोसायटीच्या गेटवर हे धूड हजर. वीस वर्षांचा ईएमआय डोक्यावर आणि सकाळची आंघोळ टँकरच्या टायमिंगवर! मग वाटतं, ह्या जनावराला आपणच पोसतोय की ते आपल्याला?

परवा आमच्या टँकरवाल्या काकांना मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी झूम करून नीट बघितला.

"टाकीला भोकंच भोकं दिसतायत," ते म्हणाले. "ह्यात पाणी कुठलं राहतंय? व्हॉल्व्ह कुठाय पण?"

आणि पाईप उचलून अंडरग्राउंड टाकीकडे निघाले.