पॉइंट टू-टूची अबोल गोळी

आपल्याकडे सशाची शिकार कायद्याने बंद; इंग्लंडात मात्र १९५४ च्या कायद्याने शेतातल्या सशांचा बंदोबस्त शेतकऱ्याच्याच गळ्यात घातला आहे. तिथल्या एका शेतावर पॉइंट टू-टू रायफलीसाठी मी काडतुसे पारखीत होतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गोळी त्याहून जलद गेली की चाबकासारखा कडाका उठतो (सायलेन्सरलाही तो दबत नाही) आणि सारे ससे बिळांत! म्हणून ३२० मीटरांच्या आसपासची मंद गोळी घ्यायची. ती मात्र लवकर खाली झुकते. अंतराचा अंदाज चुकला तर ससा जखमी होऊन तडफडतो. शिवाय प्रत्येक नळीची आवड निराळी! चार प्रकारच्या पाच-पाच गोळ्या पन्नास मीटरांवरून कागदावर झाडल्या. सर्वांत महागड्या गोळ्यांनी भोके चिवड्यासारखी विखुरली. मधल्या किमतीच्या पाचही रुपयाखाली झाकल्या गेल्या. पुढली खेप तश्शीच निघेल याचा काय भरवसा? परवान्यात बसतील तेवढ्या त्याच खेपेच्या पेट्या मी उचलल्या.