ड्राइव्हशाफ्टचे कोन व कंपनाचे निदान

मागील चाकांवर चालणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दंड, ड्राइव्हशाफ्ट आणि मागील आसाचा पिनियन यांच्या मध्यरेषांमध्ये होणाऱ्या कोनांना ड्राइव्हशाफ्टचे कोन म्हणतात. अमेरिकन मसल कारच्या दुरुस्तीत त्यांना विशेष महत्त्व आहे. पाँटियाक जीटीओ, शेव्हरोले शेव्हेल, डॉज चार्जर अशा १९६०च्या दशकातील मोटारींत मोठे इंजिन पुढे व अखंड आस मागे असतो. मोटारीची उंची कमी करणे, निराळा गिअरबॉक्स बसवणे किंवा इंजिनाचे आधार बदलणे यांमुळे मूळ कोन बिघडतात आणि कंपन सुरू होते.

तत्त्व

ड्राइव्हशाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक युनिव्हर्सल जॉइंट असतो. जेरोलामो कार्दानो व रॉबर्ट हूक यांच्या नावांनीही हा जॉइंट ओळखला जातो. तो कोनात फिरत असता पुढच्या दंडाचा वेग एकसारखा असला, तरी मागच्या दंडाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. १० अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे दीड टक्का वर व तितकाच खाली असतो. मागील जॉइंट तेवढ्याच कोनात आणि ड्राइव्हशाफ्टचे दोन्ही योक एका प्रतलात असल्यास हा चढउतार पिनियनपर्यंत पोहोचत नाही. मात्र ड्राइव्हशाफ्ट स्वतः असमान वेगानेच फिरतो. म्हणून दोन्ही कोन समान असणे पुरेसे नसते, ते लहानही असावे लागतात.

निदान

कंपनाच्या वारंवारतेवरून त्याचे मूळ ओळखता येते. ६६ सेंमी व्यासाचे टायर आणि ३.७३ आस-गुणोत्तर असलेल्या मोटारीचा वेग ताशी १०० किमी असताना चाक सेकंदाला सुमारे १३.४ फेरे घेते, तर ड्राइव्हशाफ्ट ५० फेरे घेतो.

* सेकंदाला सुमारे १३ कंपने : टायर किंवा चाकातील दोष.
* सुमारे ५० कंपने : ड्राइव्हशाफ्टचा असमतोल, पोचा किंवा वाक.
* सुमारे १०० कंपने : बहुधा जॉइंटचे चुकीचे कोन.

असमतोलाचे कंपन मुख्यतः वेगानुसार बदलते. कोनांमुळे होणारे कंपन मात्र अ‍ॅक्सिलरेटर दाबताच किंवा सोडताच पालटते. मोटार उभी असताना इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर चालवूनही कंपन जाणवल्यास दोष इंजिनाकडे शोधावा लागतो. कोन मोजण्यापूर्वी जॉइंटमधील ढिलाई आणि निखळलेली समतोल-वजने तपासली जातात.

मापन

मोटारीचे वजन चाकांवर किंवा आसाखालील स्टँडवर असतानाच मापन केले जाते. आस लोंबकळत राहिल्यास मोजलेले कोन चुकतात. कोनमापकाने तिन्ही भागांचा उतार मोजतात. गिअरबॉक्स मागे ३ अंश, ड्राइव्हशाफ्ट ५ अंश आणि पिनियनची मध्यरेषा ३ अंश उतरती असल्यास दोन्ही जॉइंटचे कोन २ अंश येतात. उतार परस्परविरुद्ध दिशांना असल्यास वजाबाकीऐवजी बेरीज करावी लागते.

प्रत्येक कोन साधारणपणे ३ अंशांच्या आत आणि दोहोंतील फरक १ अंशाच्या आत ठेवला जातो. कोन अगदी शून्यही नसावा. तसे झाल्यास जॉइंटमधील सुईसारखे रोलर जागचे हलत नाहीत आणि एकाच ठिकाणी खाचा पाडतात.

दुरुस्ती

पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेल्या आसात स्प्रिंग व आस यांच्यामध्ये उतरत्या जाडीची पाचर घालून पिनियनचा कोन बदलतात. मोटार वेग घेताना पाट्यांना पीळ बसून पिनियनचे तोंड वर उचलले जाते. त्यामुळे उभ्या मोटारीत ते समांतर स्थितीपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवण्याची पद्धत आहे. शेव्हेलसारख्या गुंडाळी-स्प्रिंगच्या मोटारींत लांबी बदलता येणारे वरचे कंट्रोल आर्म वापरतात. गिअरबॉक्सचा उतार त्याच्या आधाराखाली पट्टी घालून कमी करता येतो.

धोके

दुर्लक्षित कंपनामुळे जॉइंट, गिअरबॉक्सचे मागील बुश व तेलसील झिजतात. धावत्या मोटारीत पुढील जॉइंट तुटल्यास ड्राइव्हशाफ्ट रस्त्यावर आदळून मोटारीचा ताबा सुटू शकतो. त्यामुळेच शर्यतीच्या मोटारींत ड्राइव्हशाफ्टच्या पुढील भागाभोवती पोलादी सुरक्षा-कडे बसवले जाते.