सुई आज, आराम कधी?

दुखऱ्या खांद्यात डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात आणि दहा मिनिटांत हात वर जातो. रुग्ण खूश होऊन घरी परततो. रात्री खांदा पुन्हा ठणकू लागतो आणि सकाळी दवाखान्यात फोन येतो, 'इंजेक्शन फुकट गेलं!' खरं तर दहा मिनिटांत मिळालेला तो आराम स्टिरॉइडचा नव्हताच. अशा इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं आणि त्याचा अंमल काही तासांतच उतरतो. स्टिरॉइडचं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं.

या औषधाची चालच तशी आहे. ते पेशीच्या आवरणातून आत शिरतं, तिथल्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटतं आणि ही जोडी केंद्रकात पोहोचते. दाह भडकवणारी रसायनं ज्या जनुकांच्या हुकमावरून बनतात, ती जनुकं मग गप्प होतात. दाह शमवणारी काही जागी होतात. पण कारखान्याचा संप झाला म्हणून बाजारात आधीच गेलेला माल परत येत नाही. तयार झालेली रसायनं ओसरायला आणि नवी प्रथिनं बनायला काही तास जातातच. म्हणून दम्याच्या जोरदार झटक्यात हायड्रोकॉर्टिसोन थेट शिरेतून दिलं तरी फरक पडायला साधारण चार ते सहा तास लागतात. तोवर श्वासनलिका मोकळी ठेवतं ते नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामॉल. अ‍ॅलर्जीने घसा सुजून रक्तदाब कोसळत असेल, तर पहिलं औषध मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनलिन. तिथे स्टिरॉइडची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

सांध्यात देण्याचं औषध आणखी सावकाश चालतं, आणि ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं. ट्रायअ‍ॅम्सिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटची बाटली हलवली की आतलं औषध दुधाळ दिसतं, कारण त्याचे कण पाण्यात सहज विरघळत नाहीत. ते सांध्यात बसून राहतात आणि थोडे थोडे झिरपत जातात. त्यामुळे आराम बहुधा दोन-तीन दिवसांत जाणवतो, काहींना आठवडाही लागतो. मग तो काही आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतो. काहींचं दुखणं पहिले एक-दोन दिवस उलट वाढतं, कारण ते कणच सांध्याच्या अस्तराला डिवचतात.

तरीही स्टिरॉइडच्या वेगाची ख्याती आहे; ती सुरू झाली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. 21 सप्टेंबर 1948 रोजी फिलिप हेंच यांच्या चमूने आमवाताने खिळलेल्या 29 वर्षांच्या एका तरुणीला कॉर्टिसोन या स्टिरॉइडचं पहिलं इंजेक्शन स्नायूत दिलं. रोजचा डोस 100 मिलिग्रॅम. दोन दिवसांनी तिला अंथरुणात कूस बदलणं सोपं जाऊ लागलं आणि आठवडाभरात ती बाजारात खरेदीला गेली. या संशोधनासाठी 1950 मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की आजार परत उसळे आणि चालू ठेवलं की चेहरा सुजणं, मनाचा तोल जाणं असे दुष्परिणाम दिसत. या भागाची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते.

झटपट आराम म्हणजे बरं होणं नव्हे, हे गुडघ्याच्या बाबतीतही दिसलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत गुडघ्याच्या झिजेच्या 140 रुग्णांना दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी ट्रायअ‍ॅम्सिनोलोन किंवा साधं सलाइन टोचलं. शेवटी दुखण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, कूर्चा मात्र स्टिरॉइड घेणाऱ्यांची जास्त झिजली होती. म्हणून एकाच सांध्यात वर्षाला तीन-चार वेळांपेक्षा जास्त सुई मारून घेण्याचा हट्ट धरू नये.

मधुमेह असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा. सांध्यातल्या एका इंजेक्शननेही साखर काही दिवस चढू शकते, तेव्हा आठवडाभर ती घरी तपासत राहा. आणि इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस उलटूनही सांधा लाल, गरम होऊन ठणका वाढतच असेल किंवा ताप आला असेल, तर 'औषध चढतंय' म्हणून थांबू नका. तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.