जुनीं पानें वाचणारी आज्ञावली

निजामाच्या अमलांत औसा येथें सरकारी कारभार उर्दूंत चाले. त्या दिवसांत माझ्या वडिलांनीं सोलापुराहून मागविलेले मराठी मासिकांचे अंक बांधून ठेविले होते. आज त्यांचा कागद हात लावतांच तुटतो, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्यानें तीं पानें उतरून काढवत नाहींत. म्हणून छायाचित्रावरून मजकूर ओळखणारी ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली मीं घरच्या संगणकावर मूळ रूपापासून सिद्ध केली. तिची हकीकत आज सांगतों.

ही आज्ञावली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९४ या काळांत घडली. २००५ सालीं तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला झाला. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती सुटें अक्षर न निरखतां संपूर्ण ओळ वाचते. तिला चित्रमय खिडक्या नाहींत. आज्ञा टंकूनच तिजकडून काम घ्यावें लागतें.

लिनक्सवर ती तयार गठ्ठ्याच्या रूपानेंही मिळते, व बहुतेकांस तेवढें पुरे. परंतु माझें लिनक्स जुनें, म्हणून तयार प्रतही जुनीच मिळे. तेव्हां पीठ विकत न आणतां जोंधळा घरींच दळावा, तसें करणें आलें.

मूळ मजकूर सी-प्लस-प्लस भाषेंत, माणसास वाचतां येईल असा असतो. संगणकास तो तसाच चालत नाहीं. प्रथम ‘ऑटोजेन’ ही आज्ञा पुढची सामग्री तयार करते. मग ‘कॉन्फिगर’ घरांतील कोठार तपासते: भाषांतर करणारा कंपायलर आहे काय, लागणाऱ्या लायब्रऱ्या आहेत काय. माझें काम येथेंच अडलें. ‘लेप्टोनिका’ हवी, असें सांगून तपासणी थांबली. ती तर मीं आदल्याच दिवशीं बसविली होती! दोन दिवस डोकें शिणविल्यावर नातीनें मला पडद्यावरील तोच निरोप शेवटपर्यंत वाचावयास लावलें. लेप्टोनिका चालविण्याचा भाग मजजवळ होता. तिच्या आधारें नवें कांहीं बांधावयाचें तर लागणाऱ्या धारिका निराळ्या गठ्ठ्यांत असतात, व त्याच्या नांवाअंतीं ‘डेव्ह’ असें असतें. पस्तीस वर्षें मुलांस ‘प्रश्न पुरता वाचा’ म्हणून सांगणारा मीच तो!

त्यानंतर ‘मेक’ म्हणतांच भाषांतर सुरू झालें. जुन्या यंत्रास पाऊण तास लागला. शेवटीं ‘मेक इन्स्टॉल’ व ‘एलडीकॉन्फिग’. पहिली तयार वस्तु सामाईक जागेंत ठेवते, दुसरी नव्या लायब्ररीची नोंद करते; म्हणून या दोहोंमागें ‘सुडो’ लावून व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा. आधींच्या तिघींस तो देऊं नये.

एवढ्यानें मराठी मात्र वाचतां येत नाहीं. मराठी शिकविलेली धारिका वेगळी उतरवून ‘टेसडेटा’ नांवाच्या कप्प्यांत ठेवावी लागते, आणि आज्ञेंत ‘एल’ या खुणेपुढें ‘एमएआर’ हीं तीन अक्षरें लिहावीं लागतात.

पहिलें पान वाचून निघालें, तेव्हां वडिलांच्या अंकांतील वाक्यें पडद्यावर मोठ्या अक्षरांत पाहून मला कांहीं वेळ बोलवेना. मजकूर बहुतांशीं बरोबर होता. परंतु जुन्या लेखनांतील अंत्य अनुस्वार पुष्कळ ठिकाणीं गळाले होते, व कोठें ‘ष’ च्या जागीं ‘प’ आला होता. रोज सायंकाळीं दोन पानें याप्रमाणें तीं मी दुरुस्त करीत आहें. नात मूळ अंक वाचते, मी पडद्यावर पाहतों.